गहाळ पाच ओळी

१

लिफ्ट पडल्याचा आवाज झाला तेव्हा मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी लोखंडी कपाट पाडलं. मी चिडून छताकडे पाहिलंसुद्धा. आमच्या रुग्णालयात वस्तू पाडणाऱ्यांची कमतरता नाही, आणि का कोण जाणे, त्यांना माझ्या रेकॉर्ड रूमच्या डोक्यावरचीच जागा आवडते. मग किंकाळ्या ऐकू आल्या.

जुन्या इमारतीची लिफ्ट पाचव्या मजल्यावरून थेट तळघरात कोसळली होती. आत एकटी मावशी होती. वॉर्डावॉर्डांत धुतलेल्या चादरी पोचवणारी, एकोणीस वर्षं त्याच लिफ्टने वर-खाली करणारी, रोज माझ्या दारात थांबून 'काय हो मामा, संपली की नाही धूळ?' म्हणून चिडवणारी. दार कापून तिला बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली. काही उपयोग झाला नाही. तिच्या गाड्यावरच्या चादरींची घडीसुद्धा मोडली नव्हती. ते पाहिलं आणि मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

गर्दीतून वाट काढत तात्या आला. तात्या म्हणजे आमचा लिफ्टचा तपासनीस आणि माझा वीस वर्षांचा मित्र. हातात चार कागद होते.

"मी लिहिलं होतं रे," तो म्हणाला. "चार महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. हे बघ!"

मी पाहिलं. त्याच्या तपासणीच्या तिसऱ्या पानावर, लाल रेघांच्या आत, स्पष्ट पाच ओळी होत्या. जुन्या इमारतीच्या लिफ्टच्या दोरखंडातल्या तारा तुटल्या आहेत. तुटलेल्या तारा मोजून अकरा भरल्या. लिफ्ट तात्काळ बंद करावी. दोरखंड बदलेपर्यंत माणसं नेऊ नयेत. जीविताला धोका आहे.

आमचे देखभाल विभागाचे साहेब तिथेच उभे होते. त्यांनी कागद हिसकावून घेतला आणि वाचला.

"हे मी बघितलेलंच नाही," ते म्हणाले. "मामा, एकत्रित अहवाल आणा. पळा!"

मी पळालो. या वयात पळणं शोभत नाही, पण पळालो. साहेबांच्या सहीचा छापील अहवाल आणून उघडला. लिफ्टच्या भागात नव्या इमारतीबद्दल ठणकावून लिहिलं होतं, 'दोरखंड खराब, तात्काळ बंद करावी.' ती बंद झालीही होती. आणि त्याखाली जुनी इमारत. दारं ठीक. दिवे ठीक. घंटी ठीक. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

मधल्या पाच ओळी नव्हत्या. खाडाखोड नाही, मोकळी जागा नाही. जणू त्या कधी लिहिल्याच गेल्या नव्हत्या.

"सगळ्यांच्या फाइली एकत्र कोण करतं?" साहेबांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

दहा-बारा माना माझ्या भाचीकडे वळल्या.

२

चिंगी माझ्या ताईची मुलगी. कागदोपत्री तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण घरात ती चिंगीच. तिला या नोकरीत मीच चिकटवलं. ती मला मामा म्हणते म्हणून आता आख्खं रुग्णालय मला मामा म्हणतं, साहेबांसकट.

आमच्याकडे दर सहा महिन्यांनी इमारतींची तपासणी होते. वीज, पाणी, छत, आग, लिफ्ट असे अकरा तपासनीस आपापली फाइल पाठवतात. त्या अकरांचा एक अहवाल करायचा, तो छापायचा आणि साहेबांनी त्यावर सही करून कामं काढायची. पूर्वी ऑफिसातल्या वहिनी एकेक फाइल उघडून, मजकूर उचलून, एका लांबलचक फाइलीत चिकटवत बसायच्या. नऊ दिवस जायचे आणि वहिनींची मान धरायची. चिंगी आली आणि तिने जेमतेम तीस ओळींचा कोड लिहिला. फोल्डरमधली पहिली फाइल उघड, आतला मजकूर घे, नव्या फाइलीत टाक, मग दुसरी उघड, असं अकरापर्यंत. चहा निवायच्या आत अहवाल तयार.

पहिल्या दिवशी थोडी फजिती झाली होती. कॉम्प्युटरने फाइलींच्या नावांतले क्रमांक आकड्यांसारखे न घेता अक्षरांसारखे लावले, त्यामुळे दहावी आणि अकरावी फाइल दुसरीच्या आधी जाऊन बसली आणि साहेबांनी छताच्या गळतीखाली विजेच्या तारा वाचल्या. चिंगीने एकेरी आकड्यांच्या आधी शून्य लावलं आणि प्रश्न मिटला. त्यानंतर अडीच वर्षांत, पाच अहवालांत, कुणाची एक तक्रार नाही. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वस्तांनी चौकशीसाठी एका बाईंना पाठवलं. बारीक अंगकाठी, जाड भिंगांचा चष्मा, हातात पोरांच्या कंपासपेटीत असते तसली लाकडी पट्टी. आयुष्याची तेवीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती.

"कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. "मला कागद कळतात."

साहेबांनी त्यांच्यापुढे एक टाइप केलेलं पत्र ठेवलं. चिंगीने मजकूर मुद्दाम गाळला किंवा हलगर्जीपणाने घालवला, त्यामुळे एक जीव गेला, तिला कामावरून काढून पोलिसांच्या ताब्यात द्यावं. खाली फक्त बाईंच्या सहीची जागा मोकळी होती.

बाईंनी पट्टी धरून पत्र वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि घडी घालून पिशवीत टाकलं.

"आज पाच वाजता सही करते," त्या म्हणाल्या. "या पत्रावर, नाहीतर दुसऱ्या."

ताईचा फोन सकाळपासून चार वेळा येऊन गेला होता. मी तो उचलला नव्हता. काय सांगणार होतो?

३

बाईंनी माझ्याच रेकॉर्ड रूममध्ये टेबल मांडलं. मला म्हणाल्या, "तुम्ही बसा मामा, पण मध्ये बोलू नका." हे मला फार जड गेलं.

आधी वहिनी आल्या. रडून रडून डोळे सुजलेले.

"मी फक्त गोळा करते हो. मेलमधून फाइल उतरवायची, नाव नीट लावायचं, फोल्डरमध्ये टाकायची. आत डोकावतसुद्धा नाही. आईशप्पथ!"

"तात्यांची फाइल कधी उघडली नाहीत?"

"कशाला उघडू? त्यांना उलट मीच सगळं शिकवलंय. अक्षर ठळक कसं करायचं, रंग कसा द्यायचा, चौकट कशी टाकायची. एवढ्या वयात शिकले बिचारे. आणि त्यांच्याच वाट्याला हे यावं?"

मग साहेब. ते बसले नाहीत, येरझाऱ्या घालत राहिले.

"नवी लिफ्ट आधीच बंद होती," बाई म्हणाल्या. "जुनीही बंद केली असती तर तुमची पंचाईत झाली असती."

"झाली असती. दोन महिने रुग्ण जिन्याने न्यावे लागले असते. पण बाई, मी ते वाचलं असतं तर नाक मुठीत धरून बंद केली असती. तात्यांचं लिहिणं मी कधी डावललं नाही."

"कधीच नाही?"

साहेब थांबले. "सहा वर्षांपूर्वी त्यांनी हीच लिफ्ट बंद करायला लावली होती. एका रुग्णाला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवत होते, तो मधल्या पायऱ्यांवरच गेला. त्याच्या मुलाने सगळ्यांदेखत तात्यांच्या कानाखाली मारली. मीही रागाच्या भरात त्यांना नको नको ते बोललो. पण माणूस खमका. या खेपेला नव्या लिफ्टबद्दल लिहिलंच की नाही त्यांनी?"

ती दुपार मला आठवत होती. तात्या माझ्या खोलीत येऊन या कपाटामागे तासभर भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला चहा दिला, त्याने तो घेतला नाही.

शेवटी चिंगी आली. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नव्हता हे दिसतच होतं, पण आवाज ताठ होता.

"बाई, कोडला मजकूर कळत नाही. लिफ्ट काय, पाणी काय, त्याला सगळं सारखंच. तो परिच्छेद घेतो, तक्ते घेतो आणि पुढे टाकतो. नेमक्या पाच ओळी निवडून गाळायच्या तर त्याला तसं सांगावं लागेल. तसं सांगणारी एकही ओळ माझ्या कोडमध्ये नाही. कुणीतरी नंतर त्या अहवालातून काढल्या असणार."

"मग सोपं आहे," बाई म्हणाल्या. "त्याच अकरा फाइली घे. काही बदलू नकोस. आमच्यासमोर पुन्हा एकत्र करून दाखव."

साहेब, वहिनी, तात्या, सगळे गोळा झाले. चिंगीने आधी तात्याची फाइल उघडून दाखवली. पाच ओळी जागेवर होत्या. मग तिने कोड चालवला. काही सेकंद गेले. नवी फाइल उघडली. ती भराभर लिफ्टच्या भागापर्यंत खाली गेली.

जुनी इमारत. दारं ठीक. दिवे ठीक. घंटी ठीक.

पाच ओळी आमच्या डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या होत्या.

 चिंगीने पडद्याला हात लावला, काच पुसल्यासारखा. "हे कसं शक्य आहे?" ती पुटपुटली.

"कसं ते आता पोलिसांना सांग," साहेब म्हणाले.

४

सगळे गेल्यावर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी दार लावलं आणि विचारलं, "चिंगे, खरं सांग. कुणी करायला लावलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

बाई मात्र तिथेच बसून होत्या, दोन्ही छापील कागद शेजारी शेजारी ठेवून. पट्टी ओळीवरून खाली सरकत होती.

"मुली, इकडे ये. या पाच ओळी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच आत आहेत. आणि भोवती लाल रेघा आहेत. हे काय आहे?"

"चौकट आहे. उठून दिसावं म्हणून टाकतात."

"आमच्या छापखान्यात चौकट वेगळी जुळवायचे आणि पानात मागून बसवायचे. दोनदा असं झालं की पान छपाईला गेलं आणि चौकट टेबलावरच राहिली. तुझ्याकडे ती पानात असते की पानावर?"

चिंगीचं तोंड उघडं राहिलं. ती खुर्चीकडे धावलीच. नवी फाइल उघडली, एक साधी ओळ लिहिली, 'मांजर झोपलंय.' तिच्याखाली एक चौकट टाकून आत लिहिलं, 'मांजर उठलंय.' आणि कोड चालवला.

नव्या फाइलीत मांजर झोपलेलंच होतं. चौकट गायब.

"चौकट परिच्छेदांच्या रांगेत येतच नाही," ती म्हणाली. "ती वर तरंगत असते, पानाला टाचणीने चिठ्ठी लावावी तशी. मी कोडला परिच्छेद घे म्हटलं, तक्ते घे म्हटलं. चौकटीचं सांगितलंच नाही. माझ्या चाचणीच्या फाइलींत चौकट नव्हती. मी परिच्छेद मोजले, तक्ते मोजले, सगळं जुळलं, मला वाटलं झालं." ती थांबली. "म्हणजे मीच. मावशी माझ्यामुळे गेली."

 पोरगी निर्दोष असावी असं मला वाटत होतं. ती निर्दोष नव्हती.

"चूक तुझी आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "ती मी कमी करून सांगणार नाही. पण माझा एक प्रश्न राहतो. पाच अहवाल झाले. तात्यांनी पहिल्यांदाच चौकट टाकली का? आणि आधी टाकली असेल, तर ती गेल्याचं त्यांना एकदाही दिसलं नाही का? मामा, पाचही खेपांच्या मूळ फाइली छापलेल्या असतील ना तुमच्याकडे?"

होत्या. माझ्याकडे सगळं असतं.

पंचावन्न फाइली मी टेबलावर आणून ओतल्या. बाईंनी जेवण केलं नाही आणि आम्हालाही करू दिलं नाही. तीन वाजता त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"मामा," त्या म्हणाल्या, "हे फार वाईट आहे."

५

तात्याला बोलावलं. साहेबही आले.

"दहा तपासनिसांच्या फाइलींत चौकट एकही नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या पाच फाइलींत आहेत. पहिल्या खेपेला एक, पुढच्या चार खेपांत मिळून सात. ब्रेक झिजलेला, दार मधेच उघडतंय, तारा तुटलेल्या. जे जे जिवावर बेतणारं, ते चौकटीत. दिवा गेला, घंटी वाजत नाही, ते साध्या ओळीत. आणि आठच्या आठ चौकटी एकत्रित अहवालात आलेल्या नाहीत."

"आठ?" साहेब खुर्चीत कोसळले. "म्हणजे अडीच वर्षं आम्ही..."

"महत्त्वाचं उठून दिसावं म्हणूनच चौकट टाकतात," तात्या म्हणाला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. "त्या पोरीच्या कोडने खाल्ल्या, त्याला मी काय करू?"

"बरोबर. मग ही चौकट कुठे गेली?" बाईंनी शेवटच्या फाइलीचं दुसरं पान पुढे केलं. "नव्या इमारतीची लिफ्ट. तोच दिवस, तीच फाइल, तोच दोष. दोरखंड खराब, तात्काळ बंद करावी. हे साध्या ओळीत आहे. अडीच वर्षांत जिवावरची एवढी एकच गोष्ट तुम्ही चौकटीबाहेर लिहिलीत. ती तेवढी साहेबांपर्यंत पोचली. ती तेवढी लिफ्ट बंद झाली."

"राहून गेली असेल चौकट."

"नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर प्रयोगशाळा आहे. वहिनी म्हणाल्या, तिथे तुमची सून काम करते. चार महिन्यांपूर्वी तिचे दिवस भरत आले होते."

 ती लिफ्ट बंद झाली म्हणून सूनबाईला तळमजल्यावर जागा दिली होती. नातू झाला तेव्हा तात्याने मला पेढ्यांचा आख्खा डबा दिला होता.

तात्याने आपली फाइल पुढे ओढली. मग म्हणाला, "योगायोगावर माणसाला धरता? चौकट गळते हे मला माहीत होतं, असं सांगणारा एक कागद दाखवा. माझ्याकडे माझी फाइल आहे. मी लिहिलंय. लिहिणं एवढंच माझं काम."

 तसा कागद बाईंकडे नव्हता. तात्याला माहीत होतं हे सिद्ध झालं नाही तर उरत होती फक्त कोडची चूक, म्हणजे चिंगी.

"चार वाजून गेले," साहेब थकून म्हणाले. "बाई, सही करा."

"एक विचारते," बाई माझ्याकडे वळल्या. "अहवाल छापून झाला की तो तपासनिसांकडे परत जातो का?"

"जातो ना," मी म्हणालो. "प्रत्येकाने आपला भाग ताडून पाहायचा आणि तशी चिठ्ठी पाठवायची. जुना नियम आहे."

"त्या चिठ्ठ्या कुठे असतात?"

"माझ्याकडे," मी म्हणालो आणि एकदम उठलो. तात्याच्या चेहऱ्यावर मला असं काही दिसलं की माझ्याने बसवेना.

६

ताडणीच्या चिठ्ठ्या मी सुतळीत ओवून आतल्या खोलीत टांगतो. हे काम मी इतकी वर्षं करतोय की हात आपोआप चालतात. चिठ्ठी आली, शिक्का मारला, सही केली, ओवली.

तात्याच्या पाच चिठ्ठ्या काढल्या. शेवटच्या चार सारख्याच होत्या. 'ताडून पाहिले. बरोबर आहे.' यांचा काही उपयोग नव्हता. न वाचता सही केली, असं तो म्हणू शकला असता.

मग मी पहिली उलगडली. अडीच वर्षांपूर्वीची.

'माझ्या भागातली लाल चौकट एकत्रित प्रतीत आलेली नाही. त्यात लिफ्टच्या ब्रेकविषयी लिहिले आहे. जोडणीत काहीतरी गडबड आहे. संबंधितांना कळवून प्रत तातडीने दुरुस्त करावी.'

तात्याचंच वळणदार अक्षर. आणि त्याखाली निळ्या शाईत माझा शिक्का. 'पाहिले.' शिक्क्यावर तारीख आणि माझी लफ्फेदार सही.

 मी ती चिठ्ठी कधी वाचल्याचं मला आठवेना, कारण मी ती वाचलीच नव्हती. तात्याने सांगितलं होतं. पहिल्याच खेपेला, प्रामाणिकपणे, लेखी सांगितलं होतं. आणि ते सांगणं मी सुतळीत ओवून टाकलं होतं.

खोलीत कुणी नव्हतं. चिठ्ठी तळहाताएवढी होती. तिचे चार तुकडे केले असते तर या जगात कुणाला पत्ता लागला नसता. माझी बत्तीस वर्षांची स्वच्छ नोकरी स्वच्छ राहिली असती. तात्याही सुटला असता. मी ती चिठ्ठी हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी पलीकडे चिंगीचा फोन वाजला आणि 'आई, रडू नकोस गं' असं ती म्हणताना मी ऐकलं. मग मी बाहेर आलो.

तात्याने लांबूनच कागद ओळखला. तो खाली बसला.

बाईंनी पट्टी न धरता चिठ्ठी वाचली आणि ती साहेबांकडे दिली.

"ही दाखवून 'मी तेव्हाच सांगितलं होतं' असं म्हणू शकलो असतो," तात्या म्हणाला. "पण ही दाखवली की मला माहीत होतं हेही कळतं. म्हणून बोललो नाही." मग तो प्रथमच माझ्याकडे वळला. "मी आठ दिवस वाट पाहिली रे. कुणीतरी येईल, विचारेल. कुणी आलं नाही. लिफ्ट चालत राहिली. मला कुणी शिवी दिली नाही, कुणी कानाखाली मारली नाही. सहा महिने इतके शांत गेले! ब्रेक पुढे मीच मेस्तरीला गाठून गुपचूप बदलून घेतला. मग पुढच्या खेपेला हात आपसूक चौकटीकडे गेला. लिहिल्याचं समाधान, बंद केल्याचा ताप नाही. जमेल तेवढं मेस्तरीकडून करून घेत होतो. दोरखंड काही गुपचूप बदलता येत नाही."

"आणि मावशी?" मी विचारलं. "ती रोज जात होती त्या लिफ्टने. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. मी जिन्याने जायचो. चार महिने मी त्या लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून हुंदका फुटला. साहेबांनी डोळ्यांवर हात घेतला. त्या आठही चौकटी गाळलेल्या अहवालांवर त्यांची सही होती, आणि 'जुन्या लिफ्टबद्दल तात्या गप्प कसे?' असं एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

बाईंनी पिशवीतून साहेबांचं पत्र काढलं, फाडलं आणि कोऱ्या कागदावर हाताने नवं लिहायला घेतलं. कोडमध्ये चूक होती, ती मुलीने हेतूने केलेली नाही, ती आजच दुरुस्त करून घ्यावी. चूक माहीत असून तिचा उपयोग तपासनिसाने केला. तक्रार लेखी आली असताना ती न वाचता दाखल केली ती रेकॉर्ड सांभाळणाऱ्याने. इथे त्यांचा पेन अडला. पाचला सात मिनिटं होती.

दरम्यान चिंगीने साहेबांच्या हातातून चिठ्ठी घेतली होती. तिने ती एकदा वाचली, परत वाचली.

"मामा, ही माझ्याकडे आली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं," ती म्हणाली. "अर्धा तासही नाही. चौकटीतला मजकूर घ्यायला चार ओळी वाढवायच्या होत्या."

मी मान खाली घातली.

"तुम्ही वाचली का नाही?"

"शिक्का मारायला वाचावं लागत नाही, चिंगे."

ती रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं, ती येऊन माझा हात धरेल. लहानपणी धरायची तसा. ती तिथेच उभी राहिली.

बाईंनी चष्मा काढला आणि अवघडून माझ्याकडे पाहिलं. "मामा, इथे तुमचं नाव घालायला हवं. मला ते माहीतच नाही. सगळे तुम्हाला मामाच म्हणतात."

मी चिंगीकडे पाहिलं. साहेब खाली पाहू लागले. तेव्हा चिंगी पुढे झाली, तिने बाईंच्या हातातून पेन घेतला आणि त्या मोकळ्या जागेत माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं.